खरं विमान की हुबेहूब प्रतिकृती?

नागपुरात वायुसेनेच्या मेंटेनन्स कमांडचं मुख्यालय आहे. इथल्या संग्रहालयात मिग-२१ हे लढाऊ विमान ठेवायचं, तर ते प्रतिकृती नको, खरं विमानच हवं. २०२५मध्ये ते निवृत्त झालं, म्हणजे मिळणं अशक्य नाही. रिव्हेटांवरून बोट फिरवताना, चाकाजवळचा तेलाचा जुना डाग बघताना पोरं आपोआप गप्प होतात. फायबरग्लासच्या प्रतिकृतीला ती सर नाही.

वापिती या जुन्या, कापडी पंखांच्या विमानाचं मात्र वेगळं. १९३३ साली आपल्या वायुसेनेची पहिली स्क्वाड्रन, म्हणजे विमानांची तुकडी, उभी राहिली ती चार वापितींवर. आज जुनं वापिती बघायचं तर दिल्लीला, पालमच्या संग्रहालयात जावं लागतं. ते तिथून हलवूच नये. त्याच्या पंखांचं कापड आपल्या ४५ अंशांच्या उन्हात टिकणार कसं? इथे पूर्ण आकाराची प्रतिकृतीच बरी, लेकरांना कॉकपिटमध्येही बसता येईल. फक्त पाटीवर ‘प्रतिकृती’ हा शब्द ठळक लिहा.