लोजबानचं चौदावं प्रकरण: चार स्वर आणि सगळी ट्रूथ टेबलं

जॉन कोवान यांचं लोजबान भाषेचं व्याकरण (१९९७) नेटवर फुकट वाचायला मिळतं. मी नागपुरात पॉलिटेक्निकच्या पोरांना डिजिटल इलेक्ट्रॉनिक्स शिकवतो, म्हणून थेट १४ व्या प्रकरणात घुसलो. तिथे नुसती ‘आणि’, ‘किंवा’, ‘जर-तर’ची मंडळी. बाकी पुस्तकाचं मला विचारू नका. या प्रकरणाला पाचपैकी चार तारे.

लोजबान ही मुद्दाम बनवलेली भाषा. १९८७ पासून लॉजिकल लँग्वेज ग्रुपने घडवलेली. जोडशब्दांसाठी त्यांनी सरळ स्वर वाटून टाकले. ए म्हणजे दोन्ही. आ म्हणजे निदान एक. ओ म्हणजे दोन्ही खरी नाहीतर दोन्ही खोटी. ऊ म्हणजे पहिलं खरंच, दुसरं असो नसो. ‘मॅच होणार, पाऊस येवो न येवो’ यातला तो. आधी ‘ना’ लावला की पहिलं उलटतं, मागे ‘नाइ’ लावला की दुसरं. ऊच्या दोन बाजूंची अदलाबदल करायला तेवढा एक ‘से’ लागतो. ट्रूथ टेबल म्हणजे विधानांच्या खऱ्या-खोट्याच्या प्रत्येक जोडीपुढे निकाल खरा की खोटा हे दाखवणारा तक्ता. दोन विधानांची अशी १६ टेबलं होतात. कायम खरं आणि कायम खोटं ही दोन सोडली, तर उरलेली १४ एवढ्यात बसतात. आमच्या एक्स-ऑर गेटला (दोनपैकी नेमकं एकच खरं असेल तरच ‘खरं’ देणारं सर्किट) इथे ‘ओ नाइ’ म्हणतात. पोरं हसली, पण परीक्षेत विसरली नाहीत.

खरी मजा ‘झि’ या प्रश्नार्थक शब्दात आहे. ‘तर्री झि चहा?’ असं विचारलं, तर उत्तरात जोडशब्दच द्यायचा. ‘ए’ म्हटलं की दोन्ही आणा. ‘ए नाइ’ म्हणजे फक्त तर्री. ‘ना ए नाइ’ म्हणजे काहीच नको. ‘चहा की कॉफी’ला ‘हो’ म्हणणाऱ्या माझ्या सहकाऱ्याची इथे सोयच नाही.

‘जर-तर’ म्हणजे ‘ना आ’: पहिलं नाही, किंवा दुसरं आहे. जामठ्याच्या क्रिकेट स्टेडियमवर पाऊस आलाच नाही, तरी ‘पाऊस आला तर खेळ थांबेल’ हे खरंच राहतं. वर्गात टेबलातल्या या ओळीवर दरवर्षी भांडण होतं. इथे ती शब्दातच उघडी पडली आहे. कारण सांगायचं असेल तर त्याला वेगळे शब्द आहेत, तेही चार: भौतिक कारण, हेतू, समर्थन आणि तार्किक निष्कर्ष.

आता कापलेला तारा. एकच ‘ए’ जागेप्रमाणे वेष बदलतो: दोन वाक्यांमध्ये ‘इझे’, क्रियापदाच्या शेपटीला ‘गिहे’, आधीच सांगायचं तर ‘गे … गि’. स्वर तोच राहतो हे मान्य, पण पाठ कोण करून राहिलं एवढं? शिवाय सगळा अर्थ एका स्वरावर टांगलेला. सीताबर्डीच्या गर्दीत ए आणि आ यांची गल्लत झाली की ‘दोन्ही’चं ‘निदान एक’ होणार, आणि ऐकणाऱ्याला पत्ता लागणार नाही.

गेट शिकवणाऱ्यांनी जरूर वाचा. शेवटचे तक्ते आधी बघा, मग मागे या. क्रमाने वाचलं तर मधल्या वाक्यरचनेत अडकाल.