‘स्ट्रक्चरल डिझाइनमध्ये करिअर’ कोर्स: डिझाइन तपासणाऱ्या बाईचा अभिप्राय

नव्याने लागलेल्या मुलामुलींची इमारतींच्या सांगाड्याची (स्ट्रक्चरल) डिझाइनं तपासणं हे माझं रोजचं काम आहे. त्यामुळे ‘स्ट्रक्चरल इंजिनिअर बना’ म्हणणाऱ्या ऑनलाइन कोर्सांतून काय शिकून मुलं बाहेर पडतात, ते आपसूकच माझ्या टेबलावर येतं. आमच्या एका ज्युनिअरने असाच एक कोर्स केला होता. त्याच्या कामात काही गोष्टी फार चांगल्या होत्या आणि काही गोष्टींचा पत्ताच नव्हता. म्हटलं, पाहू तरी आत काय शिकवतात. पैसे भरले आणि असाइनमेंटसकट सगळा कोर्स पाहिला. नाव लिहीत नाही, कारण या साच्याचे कोर्स भरपूर आहेत आणि मी जे म्हणणार आहे ते त्यातल्या बहुतेकांना लागू पडेल.

पाचपैकी तीन तारे. हे तीन तारे कुठे मिळाले आणि दोन कुठे गेले, ते सांगते.

सुरुवात मेकॅनिक्सच्या उजळणीने होते. मला वाटलं होतं हा भाग पळवत न्यावा लागेल. उलट तोच थांबून पाहावासा वाटला. शिकवणारे सर बेंडिंग मोमेंटचा (बीमला वाकवणाऱ्या परिणामाचा) आलेख काढण्याआधी दर वेळी बीम कसा वाकेल ते हाताने काढायला लावतात. वाकलेला आकार काढला की ताण, म्हणजे ओढ, कुठल्या बाजूला येतो ते दिसतं, आणि ताण जिकडे तिकडे सळई. दोन टोकांवर टेकलेल्या साध्या बीमला खालून ताण येतो, म्हणून मुख्य सळया खाली. एका बाजूने हवेत सोडलेल्या कॅन्टिलिव्हरला वरून ताण येतो, म्हणून सळया वर. बाल्कनीच्या स्लॅबच्या वरच्या सळया ओतकामाच्या वेळी कामगारांच्या पायाखाली दबून खाली गेल्या तर ड्रॉइंग कितीही बरोबर असो, त्या बाल्कनीत ताण घ्यायला काही उरत नाही. ही गोष्ट सर न चुकता सांगतात. मुलाखतीला आलेल्या कित्येक पदवीधरांना मी एक साधी फ्रेम काढून देते आणि म्हणते, ‘ही वाकलेली कशी दिसेल ते काढा.’ निम्मे अडतात. या कोर्सची मुलं अडणार नाहीत. पहिला तारा याचा.

पुढचा मोठा भाग सॉफ्टवेअरचा. कॉंक्रीटच्या इमारतीसाठी ईटॅब्स, पोलादाच्या शेडसाठी स्टॅडप्रो. ग्रिड टाकणं, कॉलम-बीम-स्लॅब उभं करणं, भार देणं, भूकंप आणि वाऱ्याच्या केसेस, लोड कॉम्बिनेशन्स, मॉडेल रन करणं. एकेक क्लिक दाखवलेला आहे आणि आवाज स्वच्छ आहे. कधीच मॉडेल न केलेल्या माणसाचा हात इथे नक्की बसेल. आमच्या ज्युनिअरचा वेग पाहून मीच चकित झाले होते. दुसरा तारा.

पण मॉडेल रन झालं, पडद्यावर रंगीत आकृती आली, की कोर्स पुढच्या विषयाला लागतो. आलेलं उत्तर खरं कशावरून, हा प्रश्न कुणी विचारतच नाही. आमच्या धंद्यात खरं काम तिथून सुरू होतं. ज्युनिअर मॉडेल घेऊन आला की मी आधी पायथ्याच्या सगळ्या रिअॅक्शनची (जमिनीने कॉलमना दिलेल्या उलट बळांची) बेरीज मागते. समजा मजल्याचं क्षेत्रफळ ३०० चौरस मीटर आहे, पाच स्लॅब आहेत, आणि स्लॅब, बीम, कॉलम, भिंती, फरशी, वापराचा भार असं सगळं धरून चौरस मीटरला साधारण १० किलोन्यूटन होतात. म्हणजे एकूण १५,००० किलोन्यूटन जमिनीत उतरायला हवेत. मॉडेल ९,००० दाखवत असेल तर भिंतींचा भार द्यायचा राहिलाय, नाहीतर एखादा मजलाच कोरा आहे. त्यानंतर एक बीम हाताने. ६ मीटरचा गाळा, म्हणजे दोन आधारांमधलं अंतर, मीटरला ३० किलोन्यूटन. टोकं नुसती टेकलेली धरली तर मध्यावरचा मोमेंट भार गुणिले लांबीचा वर्ग भागिले आठ, म्हणजे १३५ किलोन्यूटन-मीटर. टोकं पूर्ण जखडलेली धरली तर टोकाला ९० आणि मध्यावर ४५. खरी इमारत सहसा या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी असते. सॉफ्टवेअरने मध्यावर ४०० दाखवले तर बीमचा साइज वाढवायला धावायचं नसतं, मॉडेल उघडून बघायचं असतं. तिसरी गोष्ट आंदोलनाचा काळ, म्हणजे इमारतीला एकदा डोलून परत यायला लागणारा वेळ. साध्या फ्रेमच्या इमारतीला मजल्यामागे साधारण ०.१ सेकंद, म्हणून पाच मजल्यांना अर्ध्या सेकंदाच्या आसपास. ३ सेकंद आले तर कुठलातरी बीम कॉलमला जोडलेलाच नाही, नुसता शेजारी उभा आहे.

हे तिन्ही मिळून पंधरा मिनिटांचं काम आहे. एवढ्या तासांच्या कोर्समध्ये त्याला एक व्हिडिओ नाही. ज्युनिअरला म्हटलं, ‘बेरीज केलीस का?’ तर तो म्हणाला, ‘मॅडम, एरर तर एकही आला नाही.’ एरर आला नाही याचा अर्थ समीकरणं सुटली, एवढाच. कोणत्या इमारतीची सुटली ते मशीनला कुठे ठाऊक असतं!

यासाठी स्लाइपनर-ए इथे असायला हवं होतं. नॉर्वेच्या समुद्रातल्या त्या तेल-वायू प्लॅटफॉर्मचा कॉंक्रीटचा पाया २३ ऑगस्ट १९९१ रोजी स्टावांगरजवळच्या खाडीत चाचणीसाठी पाण्यात खाली उतरवताना फुटला आणि बुडाला. फायनाइट एलिमेंट मॉडेलची (रचनेचे छोटे तुकडे पाडून हिशेब करणाऱ्या मॉडेलची) जाळी ज्या सांध्याजवळ बारीक हवी होती तिथे ढोबळ होती, आणि तिथला शिअर, म्हणजे भिंतीला कापू पाहणारं बळ, जवळपास ४७ टक्के कमी धरला गेला. भिंत त्या हिशेबाने पातळ राहिली आणि सळयाही आखूड पडल्या. नंतर नीट जाळी घेऊन केलेल्या विश्लेषणात भिंत ६२ मीटर खोलीला फुटेल असं निघालं. प्रत्यक्षात ती ६५ मीटरच्या सुमाराला फुटली. म्हणजे सॉफ्टवेअर चांगलंच होतं. त्याला प्रश्न चुकीचा विचारला होता आणि आलेल्या उत्तरावर कुणी वेगळ्या वाटेने जाऊन हात फिरवला नव्हता.

तिसरा तारा मात्र दुर्घटनांच्याच एका धड्याला आहे, आणि गंमत म्हणजे तो ‘बोनस’ म्हणून शेवटी ढकललाय. कान्सास सिटीच्या हयात रीजन्सी हॉटेलातले झुलते पूल १७ जुलै १९८१ रोजी कोसळले आणि ११४ माणसं गेली. सरांनी नुसतं कागद-पेन घेऊन समजावलंय. मूळ कल्पनेत दुसऱ्या आणि चौथ्या मजल्याचे पूल छतापासून खाली आलेल्या एकाच अखंड गजावर टांगलेले होते. एवढ्या लांब गजावर आटे पाडणं गैरसोयीचं, म्हणून बनवणाऱ्यांनी दोन तुकडे सुचवले. एक छतापासून चौथ्या मजल्याच्या बीमपर्यंत, दुसरा त्याच बीमपासून खालच्या पुलापर्यंत. कागदावर फरक इवलासा. पण आता चौथ्या मजल्याच्या बीमखालच्या नटवर एका पुलाऐवजी दोन्ही पुलांचा भार आला. तपासात निघालं की मूळ जोडही नियमाने लागणाऱ्या ताकदीच्या ६० टक्केच होता. बदलानंतर तो ३० टक्क्यांवर आला. बीम नाही तुटला, गज नाही तुटला, सांधा तुटला.

धडा अप्रतिम आहे. मग याच कोर्सच्या पोलादाच्या भागात सांध्यांना इतका थोडा वेळ का? शेडचे राफ्टर, कॉलम, पर्लिन सगळ्यांची डिझाइनं होतात आणि बोल्ट-वेल्डपाशी ‘हे फॅब्रिकेटर पाहतो’ असं म्हणून विषय संपतो. एकाच कोर्समध्ये सांध्यामुळे गेलेली ११४ माणसं दाखवायची आणि सांधा दुसऱ्यावर सोडायचा! शेवटच्या भागाचं चित्रीकरण करताना आधीचा भाग कुणाच्या डोळ्यांसमोर नसावा.

पायाचंही असंच. माती हा विषय इथे एका तक्त्यापुरता आहे, त्यातून सुरक्षित भारक्षमतेचा आकडा उचलायचा आणि फूटिंग (कॉलमखालचा पाया) काढायचं. मातीचा अहवाल कसा वाचावा, पाण्याची पातळी कुठे लागली, शेजारशेजारच्या दोन कॉलमखाली वेगळी माती असेल तर एक जास्त बसेल आणि वरच्या बीमला त्याचे मोमेंट येतील, यातलं काही नाही. मॉडेलमध्ये कॉलमचं खालचं टोक ‘फिक्स्ड’ (न सरकणारं, न फिरणारं) घ्यायचं, एवढं सांगतात. का, ते विचारायचं नाही.

असाइनमेंट कॉम्प्युटर तपासतो. ताकद मागणीपेक्षा जास्त निघाली की पूर्ण गुण. यामुळे मुलांना एक वाईट खोड लागते, शंका आली की बीम मोठा करायचा. मोठा म्हणजे सुरक्षित, असं सरसकट नसतं. भूकंपात फ्रेमचे बीम आधी झुकावेत आणि कॉलम टिकावेत अशी आखणी करायची असते, कारण बीमच्या टोकांना तडे गेले तरी मजला उभा राहतो आणि माणसं बाहेर पडतात. भरमसाट खोलीच्या बीमखाली सडपातळ कॉलम ठेवले की आधी कॉलम जातो आणि अख्खा मजला बसतो. अशा फ्रेमला या कोर्समध्ये दहापैकी दहा मिळतात. मी स्वतः मुद्दाम तशी भरून पाहिली.

राहिला करिअर मार्गदर्शनाचा भाग, ज्याच्या नावावर कोर्स विकला जातो. बायोडेटा कसा लिहावा, प्रोफाइलवर फोटो कसा लावावा, प्रमाणपत्र कुठे जोडावं. हे प्रमाणपत्र मी नोकरी देताना पाहत नाही, आणि परवान्यासाठी तर त्याचा काडीचा उपयोग नाही. डिझाइनवर सही करण्याचा हक्क देशोदेशी निरनिराळ्या वाटेने मिळतो, पण बहुतेक ठिकाणी अनुभवी माणसाच्या हाताखाली काढलेली वर्षं मोजली जातात आणि पुष्कळदा वर परीक्षा असते. अमेरिकेतल्या इलिनॉयसारख्या राज्यात तर स्ट्रक्चरलचा परवाना वेगळाच काढावा लागतो. म्हणून पहिली नोकरी निवडताना तुमचं काम तपासणार कोण, हे पगाराच्या आधी विचारा. जिथे कुणीच तपासत नाही तिथे वेग येतो, शिक्षण होत नाही.

पहिल्या वर्षांचं खरं चित्रही या भागात नाही. गगनचुंबी टॉवर वाट्याला येत नाही. जिना येतो, पाण्याची टाकी येते, कंपाउंडची भिंत येते, आणि लाल पेनाने भरलेली आपलीच ड्रॉइंगं परत येतात. वातानुकूलनवाल्यांचा फोन येतो, ‘बीममधून २०० मिलिमीटरचं भोक पाहिजे.’ तेव्हा शिअर कुठे कमी आहे ते डोक्यात हजर लागतं. गाळ्याच्या मध्याजवळ, बीमच्या खोलीच्या मधोमध असेल तर बोलता येतं, आधाराला खेटून मागितलं तर नाही म्हणायचं, आणि नाही का म्हणतोय ते आर्किटेक्टला त्याच्या भाषेत पटवायचं. हे ज्याला रटाळ वाटतं त्याने आत्ताच दुसरी वाट धरलेली बरी. ज्याला यात मजा येते त्याच्यापुढे नुसतं डिझाइन ऑफिसच नाही, पूल आहेत, प्रीकास्ट आहे, जुन्या इमारतींची तपासणी-दुरुस्ती आहे. शेवटच्या कामाबद्दल तर मी कुणालाही तासभर सांगत बसेन, कारण तिथे मॉडेलला जसं हवं तसं बांधलेलं काहीच नसतं.

पदव्युत्तर शिक्षण घ्यावं का, यावर सर ‘अनिवार्य’ म्हणतात. माझं मत निराळं आहे. भूकंप, डायनॅमिक्स, फायनाइट एलिमेंट यांत खोल जायचं असेल तर जरूर घ्या, नोकरी करता करता ते गणित पुन्हा उभं करणं फार कठीण जातं. नेहमीच्या इमारतींचं काम करायचं असेल तर आधी वर्ष-दोन वर्षं काम करा, मग कुठला विषय अडतोय ते स्वतःलाच कळेल.

शंका विचारायची सोय आहे आणि उत्तरं वेळेवर येतात. सॉफ्टवेअरच्या प्रश्नांना नेमकी येतात, ‘असं का’ या प्रश्नाला मागच्याच व्हिडिओची लिंक येते.

पदवीच्या शेवटच्या वर्षाला असाल किंवा साइटवरून डिझाइनकडे वळायचं असेल, तर सवलतीत मिळाला तेव्हा घ्या. मेकॅनिक्सची उजळणी घाई न करता करा. हयातचा धडा पोलादाच्या भागाआधी पाहा. सॉफ्टवेअरचे व्हिडिओ दीडपट वेगाने चालतात, काही बिघडत नाही. प्रत्येक असाइनमेंट जमा करण्याआधी रिअॅक्शनची बेरीज आणि एक बीम वहीत हाताने करून ठेवा. गुण त्याचे मिळणार नाहीत, पण मुलाखतीला ती वही घेऊन या. प्रमाणपत्राची प्रिंट काढू नका.