टायमिंग बेल्टचे पैसे घेतले, आणि आतला छोटा बेल्टच काढून टाकला

मी रावेर तालुक्यातला केळी उत्पादक. गाडी जुनी घेतलेली पजेरो स्पोर्ट, अडीच लिटर डिझेल. ही गाडी वापरणाऱ्यांनी जरूर वाचा, कारण या इंजिनात दोन बेल्ट असतात आणि मला फसवलं ते दुसऱ्या बेल्टवर.

मोठा टायमिंग बेल्ट क्रँक (पिस्टनने फिरणारा मुख्य दांडा) आणि कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडबंद करणारा दांडा) यांचा मेळ राखतो. त्याच्या मागे दडलेला छोटा बेल्ट बॅलन्स शाफ्टचा. हे शाफ्ट क्रँकच्या दुप्पट वेगाने फिरतात आणि इंजिनाची थरथर मारतात. छोटा तुटला की त्याचे तुकडे मोठ्यात अडकतात, टायमिंग सुटतं, पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात, व्हॉल्व्ह दाबणारे रॉकर मोडतात. म्हणून दोन्ही सोबतच बदलायचे.

९५ हजार किलोमीटरला जळगावच्या एका गॅरेजमध्ये गाडी टाकली. दोन्ही बेल्ट, टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारी पुली), आयडलर (बेल्टला वाट देणारी पुली), वॉटर पंप आणि मजुरी मिळून ३१ हजार ठरले. "भाऊ, तुम्ही निवांत घरी जा." केळीची कापणी चालू होती, मी निघून आलो. दुसऱ्या दिवशी टेबलावर नव्या सामानाचे रिकामे खोके मांडून ठेवले होते. पक्कं बिल मागितलं तर म्हणे जीएसटी वेगळा पडेल. मी वहीच्या फाडलेल्या कागदावर आकडा लिहून घेतला आणि पैसे दिले.

आठवड्याने धुळ्याला निघालो. एरंडोलच्या पुढे, ऐंशीच्या वर गेलं की स्टिअरिंग हातात थरथरायचं, सीटखालून घूंऽ असा आवाज यायचा. गॅरेजवाले म्हणाले, माउंटिंग, म्हणजे इंजिन ज्या रबरावर बसतं ते, गेलं. त्याचे आणखी ९ हजार घेतले. थरथर होती तशीच.

शेवटी धुळ्यात पाहुण्यांच्या ओळखीच्या एका जुन्या मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी पुली काढून खालचं कव्हर खोललं, बॅटरी मारली आणि म्हणाले, "भाऊ, आठे धाकला बेल्ट शेच नही." म्हणजे इथे छोटा बेल्टच नाही. मोठा बेल्ट नवा होता, त्याच्यावरची अक्षरं कोरी करकरीत. पण टेन्शनर बोटाने फिरवला तर बेअरिंग खरखर वाजत होतं, आणि वॉटर पंपाच्या कडेला जुन्या गळतीचा वाळलेला पांढरा थर तसाच होता. तीन-चार वस्तूंचे पैसे गेले आणि लागला फक्त एक बेल्ट.

जाब विचारला तर उत्तर मिळालं, "शाफ्ट बंद केले, इंजिनवरचा लोड कमी होतो, सगळेच करतात." काही जण मुद्दाम हे शाफ्ट काढतात, ते मला मान्य आहे. पण त्यात शाफ्टची तेलाची भोकं नीट बंद करावी लागतात, नाहीतर ऑइल प्रेशर पडतं. आणि थरथर वाढणार हे मालकाला आधी सांगावं लागतं. न विचारता बेल्ट काढायचा आणि वर त्याचेच पैसे लावायचे, ही चोरी आहे.

कव्हर खोलताना आणि बंद करताना तिथे उभे राहा. दोन्ही बेल्ट बसल्यावर क्रँक पान्याने दोन फेरे हाताने फिरवायला लावा, पुलींवरच्या टायमिंगच्या खुणा जुळल्या की फोटो काढा. जुने बेल्ट, टेन्शनर, पंप गोणीत भरून घरी न्या. खोक्यांवर विश्वास ठेवू नका. आणि जीएसटी लागला तर लागू द्या, पक्कं बिल घ्याच. जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही. मी ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या नंबरवर फोन केला, तेव्हा मला पहिल्यांदा बिलाचंच विचारलं.