पीएसए ऑक्सिजन मशीन, नऊ महिन्यांनंतर (कटिंगवाल्यांनी जरूर वाचा)

कुपवाड एमआयडीसीत आमचं छोटं फॅब्रिकेशन शेड आहे. एप्रिल 2021 मध्ये इंडस्ट्रीचा ऑक्सिजन बंद केला होता, दवाखान्यांना लागत होता, बरोबरच होतं ते, पण तेव्हा काम बंद ठेवून बसलो ते विसरलो नाही, म्हणून गेल्या दिवाळीनंतर पीएसए मशीन घेतलं, म्हणजे हवेतूनच ऑक्सिजन वेगळा काढणारं. तासाला 5 घनमीटर ऑक्सिजन, जोडीला 10 एचपीचा कंप्रेसर.

ब्रेझिंगला आणि पाइप तापवून वाकवायला एक नंबर. सिलिंडर संपला म्हणून पोरं बसून राहिलीत असं एकदापण झालं नाही.

गॅस कटिंगला मात्र घेऊ नका. मीटरवर शुद्धता 93 टक्के दिसतंय, आम्हाला वाटलं भरपूर झालं की, पण 12 एमएमची प्लेट कापली की खालच्या कडेला स्लॅग, म्हणजे वितळलेला मळ, असा चिकटतोय की छिन्नीनं निघत नाही, ग्राइंडरच मारावा लागतो आणि टॉर्चपण हळू चालवावी लागते. कटिंगला 99.5 च्या वरचाच पाहिजे. मशीनच्या टॉवरमध्ये झिओलाइटचे दाणे भरलेले असतात, ते नायट्रोजन धरून ठेवतं पण आर्गॉन सोडतं, हवेत तो 0.93 टक्केच असला तरी ऑक्सिजन साडेचार पट झाला की तोपण तेवढ्याच पटीनं वाढतो, त्यामुळं 95 च्या वर हे मशीन जातच नाही. विकणाऱ्यानं हे सांगायला पाहिजे होतं, राग त्याचाच आहे.

सिरॅमिक मेम्ब्रेन म्हणून ऑक्सिजन वेगळा काढायचा दुसरा प्रकार आहे, सिरॅमिकच्या पडद्याचा, त्यात ही भानगड नाही. 800-900 डिग्रीला ऑक्सिजनचे आयनच तेवढे सिरॅमिकमधून पलीकडं जातात, आर्गॉनला वाटच नाही, म्हणजे जवळजवळ 100 टक्के शुद्ध. पण सिरॅमिक ते, गरम-थंड झालं की तडकायची भीती, आणि आमचं शेड रोज रात्री बंद. तरी छोट्या शेडला परवडेल असं आलं तर पहिला मी घेणार.

दुसरं म्हणजे पाणी. जुलैत ऑटो ड्रेन (दाबलेल्या हवेतलं पाणी आपोआप बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह) चोकअप झाला, कुणाच्या लक्षात आलं नाही, ओली हवा सरळ टॉवरमध्ये. आठवड्यात 93 चं 81 झालं आणि मशीनची हवा बाहेर पडते त्या सायलेन्सरखाली पांढरी पूड पडलेली, बोटाला पिठासारखी लागत होती, ते झिओलाइटच होतं. एक टॉवर पूर्ण नवीन भरला, मग एअर ड्रायर बसवला. तो पहिल्या दिवशीच घ्या, पैसे वाचवू नका. आता सकाळी मशीन चालू करायच्या आधी ड्रेन हातानं उघडून बघतो, पावसाळ्यात रोज वाटीभर पाणी निघतंय. कटिंगला दोन सिलिंडर परत सुरू केलेत.