हंपी-बदामीच्या अभ्याससहलीच्या नावाखाली झालेली फसवणूक

हंपी, बदामी, पट्टदकल, ऐहोळे आणि विजापूर अशी आठवडाभराची अभ्याससहल घडवून आणतो असे सांगणाऱ्या मुंबईतील एका सहल आयोजकाने आमच्या गटाची फसवणूक केली. तिची हकिकत मी सविस्तर लिहीत आहे, कारण दिवाळी आणि नाताळच्या सुट्ट्या जवळ आल्या की पार्ले, दादर, ठाणे, डोंबिवली या भागांत अशा सहलींची जाहिरात जोरात सुरू होते. तिला प्रतिसाद देणाऱ्यांत निवृत्त शिक्षक, बँकेतून निवृत्त झालेली मंडळी, इतिहासाची मनापासून आवड असलेली पण परराज्यात गाड्या आणि हॉटेले शोधण्याची दगदग नको असलेली माणसे मोठ्या संख्येने असतात. प्रकरण ग्राहक आयोगापुढे असल्यामुळे आयोजकाचे नाव येथे देत नाही. त्याने वापरलेली पद्धत मात्र पूर्ण सांगते.

पैसे घेऊन तो पसार झाला असता तर पोलिसांत जाऊन एका वाक्यात तक्रार करता आली असती. येथे तसे घडले नाही. गाडी सुटली, जेवण मिळाले, ठरलेल्या बहुतेक गावांना आमची बस पोहोचलीही, आणि तरीही ज्या गोष्टीसाठी आम्ही पैसे मोजले होते ती आम्हाला मिळाली नाही. या प्रकारची फसवणूक सिद्ध करायला कठीण असते आणि म्हणूनच ती बिनदिक्कत केली जाते.

सुरुवात दादरमधील एका सभागृहात झाली. तेथे मंदिरस्थापत्याच्या एका जाणकार अभ्यासकांचे दीड तासाचे सचित्र व्याख्यान ठेवले होते आणि हेच अभ्यासक संपूर्ण सहलीत सोबत असतील, असे पत्रकात छापले होते. व्याख्यान खरोखर उत्तम झाले. ऐहोळ्याच्या टेकडीवरील मेगुती जिनालयाच्या बाहेरच्या भिंतीवर कोरलेल्या इ.स. ६३४ च्या शिलालेखाविषयी ते बोलले. तो रविकीर्ती नावाच्या जैन कवीने रचला, त्यात त्याने स्वतःची तुलना कालिदास आणि भारवी यांच्याशी केली, चालुक्य राजा दुसऱ्या पुलकेशीने हर्षवर्धनाचा केलेला पराभव त्यात नोंदवला आणि नव्याण्णव हजार गावांच्या तीन महाराष्ट्रांवर पुलकेशीची सत्ता असल्याचेही त्याच लेखात म्हटले आहे, हे त्यांनी इतक्या आत्मीयतेने सांगितले की तो लेख डोळ्यांनी पाहायचा, या ओढीने अनेकांनी त्याच संध्याकाळी आगाऊ रक्कम भरली. माणशी २८,५०० रुपये, त्यात वातानुकूलित रेल्वेप्रवास, होसपेटला थ्री-स्टार हॉटेल, सर्व ठिकाणचे प्रवेशशुल्क आणि रोज सायंकाळी तासभर व्याख्यान, असा करार होता.

रक्कम भरताना मोबाइलवर संस्थेच्या नावाऐवजी एका व्यक्तीचे नाव दिसले. विचारल्यावर टेबलावरील तरुणाने अत्यंत अदबीने सांगितले, “काकू, संस्थेच्या खात्याची आजची मर्यादा संपली आहे, हे आमच्या घरचेच खाते आहे.” पावतीत पाच टक्के जीएसटी वेगळा दाखवला होता, पण जीएसटी क्रमांक कोठेही नव्हता. या दोन गोष्टी एकत्र दिसल्या की पुढे रक्कम भरू नये, असे मी आता प्रत्येकाला सांगते. कर घेणाऱ्याला क्रमांक छापावाच लागतो आणि तो क्रमांक खरा आहे की नाही, हे जीएसटीच्या संकेतस्थळावर कोणालाही विनामूल्य पाहता येते.

निघण्याच्या रात्री छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर अभ्यासक आले नाहीत. त्यांची प्रकृती अचानक बिघडल्याचे सांगण्यात आले. परत आल्यावर आमच्यापैकी एकांनी काळजीपोटी त्यांना फोन केला, तेव्हा ते चकितच झाले. त्यांना फक्त दादरच्या व्याख्यानाचे मानधन मिळाले होते, सहलीच्या तारखा त्यांना कोणी विचारल्याही नव्हत्या आणि आपले नाव पत्रकात छापले आहे हे त्यांच्या गावीही नव्हते. म्हणजे पहिली फसवणूक त्यांचीच झाली होती. पत्रकावर एखाद्या विद्वानाचे नाव वाचले की आपण निर्धास्त होतो, आणि ते नाव नेमके त्याचसाठी छापलेले असते. तेव्हा त्या व्यक्तीशी थेट बोलून अमुक तारखांना आपण येणार आहात ना, हे विचारण्यात कसलाही संकोच बाळगू नये.

होसपेटऐवजी आमचा मुक्काम कोप्पळला महामार्गालगतच्या एका लॉजवर झाला. होसपेट हंपीपासून सुमारे १३ किलोमीटरवर आहे. कोप्पळहून मात्र आधी होसपेट गाठून मग हंपीला जावे लागते आणि रोज दोन-अडीच तास रस्त्यावरच जातात. खोल्यांच्या दराचा फरक कोणाच्या खिशात गेला हे सांगायला नको. याच कोप्पळमध्ये गवीमठाच्या टेकडीवर सम्राट अशोकाचा लघुशिलालेख आहे. आमचा मुक्काम त्याच गावात होता आणि सोबत आलेल्या कोणालाही त्याची माहिती नव्हती, याचे मला लॉजपेक्षाही अधिक वाईट वाटले.

हंपीत काय झाले ते नीट सांगितले पाहिजे. १३३६ मध्ये स्थापन झालेल्या आणि १५६५ च्या तालिकोटच्या लढाईनंतर उद्ध्वस्त झालेल्या विजयनगरच्या या राजधानीचे अवशेष कित्येक चौरस किलोमीटरवर पसरलेले आहेत. सकाळी लवकर सुरुवात केली नाही तर दुपारच्या उन्हात त्या खडकांतून ज्येष्ठ माणसाला चालवत नाही, हे तेथील कोणीही सांगेल. आमची बस लॉजवरून निघाली सकाळी दहानंतर. विरूपाक्ष मंदिराबाहेर एक स्थानिक ‘गाईड’ बसमध्ये चढला. त्याच्या गळ्यात पर्यटन खात्याचे ओळखपत्र नव्हते आणि मागितल्यावर ते घरी राहिल्याचे त्याने सांगितले. विठ्ठल मंदिरासमोरचा दगडी रथ, ज्याचे चित्र आपल्या पन्नास रुपयांच्या नोटेवर आहे, तो एकाच अखंड शिळेतून कोरल्याचे त्याने ठासून सांगितले. प्रत्यक्षात तो अनेक दगड जोडून उभारलेला आहे आणि जवळ जाऊन पाहिले तर सांधे स्पष्ट दिसतात. रंगमंडपाच्या खांबांतून स्वर कसे निघतात हे दाखवण्यासाठी तो एका खांबावर बोटांनी ठोकू लागला, तेव्हा पहारेकऱ्याने शिट्टी वाजवून त्याला दटावले, कारण खांबांची झीज होते म्हणून तेथे ठोकण्यास मनाई आहे. आमच्या गटामुळे त्या वास्तूला धक्का लागावा, याची मला फार लाज वाटली.

प्रवेशशुल्काचा प्रकार याच दिवशी उघड झाला. ‘सर्व प्रवेशशुल्क समाविष्ट’ असे पत्रकात असताना टूर मॅनेजरने प्रत्येकाकडून दोनशे पन्नास रुपये रोख मागितले. शुल्क अचानक वाढले आहे आणि कॅमेऱ्याचे वेगळे द्यावे लागतात, असे कारण त्याने दिले. तिकीटखिडकीवरील फलकावर भारतीय नागरिकांसाठी ४० रुपये असे स्वच्छ लिहिले होते. मोबाइलवर किंवा साध्या कॅमेऱ्यावर छायाचित्रे काढायला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभाग काहीही आकारत नाही. शिवाय विठ्ठल मंदिराचे तिकीट त्याच दिवशी कमलमहाल असलेल्या जनाना विभागातही चालते. मॅनेजरने मात्र तेथे पुन्हा पैसे गोळा केले. दोन्ही वेळा तिकिटे हातात न देता तो स्वतःकडेच ठेवत होता. तिकीट आपल्याच हातात मागून घ्यावे, त्यावर रक्कम आणि तारीख दोन्ही छापलेली असतात. कमलापूरचे वस्तुसंग्रहालय, जेथे हंपीच्या संपूर्ण परिसराची मोठी प्रतिकृती आहे, ते कार्यक्रमात शुक्रवारी ठेवले होते आणि ते शुक्रवारी बंद असते. कार्यक्रम आखणाऱ्याने एवढीही चौकशी केलेली नव्हती.

सर्वांत मोठा आघात पुढच्या दिवशी झाला. कोप्पळहून ऐहोळ्याकडे जाताना इलकल गाव लागते. तेथे ‘पंधरा मिनिटे चहापाण्यासाठी’ म्हणून थांबलेली बस एका साड्यांच्या दुकानासमोरून दोन तासांहून अधिक काळ हलली नाही. इलकलची म्हणजे इरकली साडी आणि गुळेदगुड्डचे खण म्हटल्यावर मराठी बायकांचा पाय तेथे अडकणार, हे हेरूनच तो थांबा ठेवला होता. माझ्या जाऊबाईंना कापडाची चांगली जाण आहे. हातमागावरच्या इरकलीत अंगाचे आणि पदराचे ताणे, म्हणजे उभे धागे, वेगळे असतात आणि ते फासांनी एकमेकांत गुंतवलेले असतात, त्यामुळे पदर सुरू होतो तेथे ती जोडणी दिसते. आम्हाला हातमागाची म्हणून दाखवलेल्या साड्यांत ती जोडणी नव्हती, पदर सरळ यंत्रमागावर विणलेला होता, आणि किंमत मात्र हातमागाची होती. ज्यांनी खरेदी केली त्यांच्या प्रत्येक बिलाच्या कोपऱ्यात दुकानदाराने पेनाने आमच्या बसचा क्रमांक लिहिला होता. कमिशनचा हिशेब ठेवण्यासाठी तो लिहिलेला असतो, हे आम्हाला चालकानेच परतीच्या वाटेवर सांगितले.

त्या दोन तासांची भरपाई ऐहोळ्याच्या वेळात काटछाट करून केली गेली. बस दुर्ग मंदिरापाशी थांबली, गोलाकार पाठ असलेल्या त्या देखण्या वास्तूभोवती एक फेरी झाली आणि ‘पट्टदकल बंद होईल’ असे सांगून सर्वांना परत बसवण्यात आले. मेगुतीची टेकडी समोर दिसत होती. ज्या शिलालेखाच्या ओढीने माणसांनी दादरला पैसे भरले, तो पायऱ्या चढून पाहण्याइतका वेळ मागितला तेव्हा मॅनेजर म्हणाला, “वरती काही नाही, काकू, पडकी भिंत आहे.” गटातील एक सत्तरी ओलांडलेले निवृत्त मुख्याध्यापक, ज्यांनी त्या लेखाचे वाचन आणि भाषांतर वहीत उतरवून आणले होते, ते त्यानंतर विजापूरपर्यंत कोणाशी बोलले नाहीत. त्यांचे नुकसान कोणत्या आकड्यात मोजायचे, हे मला अजून समजलेले नाही.

पट्टदकल ही मलप्रभेच्या काठची जागतिक वारसा म्हणून १९८७ मध्ये मान्यता मिळालेली मंदिरनगरी. चालुक्य राजा दुसऱ्या विक्रमादित्याने कांचीवर मिळवलेल्या विजयाप्रीत्यर्थ राणी लोकमहादेवीने आठव्या शतकात तेथे विरूपाक्ष मंदिर बांधवले. हा सगळा परिसर आम्ही पस्तीस मिनिटांत उरकला. बदामीत दुसरा गाईड लेणी पांडवांनी एका रात्रीत खोदल्याचे सांगत होता, आणि तो उभा होता तिसऱ्या लेण्यात, जेथे चालुक्य घराण्यातील मंगलेशाचा इ.स. ५७८ चा कोरीव लेख आहे. विजापूरला आम्ही अंधार पडताना पोहोचलो. गोलघुमट बाहेरून पाहिला, इब्राहिम रोजा राहिलाच. परतीचा वातानुकूलित रेल्वेप्रवासही बसमध्ये बदलला होता.

मुंबईत आल्यावर परताव्याची मागणी केली, तेव्हा पावतीच्या मागील बाजूस बारीक अक्षरांत छापलेले एक कलम दाखवण्यात आले. आयत्या वेळी कार्यक्रमात बदल करण्याचा हक्क आयोजकाकडे राखून ठेवलेला होता. त्यासोबत पुढील सहलीत दहा टक्के सवलतीचे कूपन देऊ करण्यात आले. ते कोणी घेतले नाही. असे कलम छापले म्हणून आयोजकाची जबाबदारी संपते, असा समज करून घेऊ नये. कबूल केलेली सेवा न देणे ही ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार सेवेतील त्रुटी आहे आणि जो अभ्यासक येणारच नव्हता त्याच्या नावाने जाहिरात करणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे.

आमच्याजवळ छायाचित्रांचा मोठा पुरावा निघाला. प्रत्येकाच्या मोबाइलमधील छायाचित्रांवर दिवस आणि वेळ आपोआप नोंदलेली असते. एका सहप्रवाशांच्या मुलाने सर्वांची छायाचित्रे एकत्र केली आणि प्रत्येक ठिकाणी पोहोचण्याची व निघण्याची वेळ दाखवणारा तक्ता तयार केला. पट्टदकलची मंदिरे पस्तीस मिनिटे आणि साड्यांचे दुकान दोन तास वीस मिनिटे, हे त्या तक्त्यात शेजारी शेजारी दिसते. हा तक्ता, पत्रक, पावती, बसचा क्रमांक लिहिलेली बिले आणि त्या अभ्यासकांनी स्वतःहून दिलेले लेखी निवेदन आम्ही तक्रारीला जोडले आहे.

तक्रारीची वाट अवघड नाही. आधी स्पीड पोस्टाने लेखी नोटीस पाठवावी. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर नोंद करता येते. तेथे समेट झाला नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात जावे. तक्रारदार जेथे राहतो तेथील आयोगात तक्रार करता येते, त्यामुळे आयोजकाचे कार्यालय कोठेही असले तरी उपनगरातील आम्हा मंडळींना वांद्र्याचा आयोग चालला. मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही, तक्रार ऑनलाइन दाखल होते आणि वकील नेमलाच पाहिजे असे नाही. घटनेपासून दोन वर्षांची मुदत असते. समान तक्रार असलेल्या सर्वांच्या वतीने एकाने किंवा काहींनी तक्रार करायची असल्यास आयोगाची परवानगी घ्यावी लागते. आम्ही प्रत्येकाने स्वतंत्र तक्रार केली, ते सोपे पडले.

ज्यांनी येत्या हंगामासाठी अशा एखाद्या सहलीची आगाऊ रक्कम भरली आहे, त्यांनी उरलेली रक्कम देण्यापूर्वी आयोजकाकडून प्रत्येक स्थळी पोहोचण्याची आणि तेथून निघण्याची वेळ, हॉटेलचे नाव व गाव, आणि दुकानांसाठीचे थांबे, हे सर्व लेखी मागून घ्यावे. स्थळांची नुसती यादी कितीही लांब असू शकते. ऐहोळ्यासाठी किमान अर्धा दिवस आणि हंपीसाठी किमान पूर्ण दोन दिवस दाखवलेले नसतील तर त्या कार्यक्रमाला अभ्याससहल म्हणता येत नाही. आमच्या मुख्याध्यापकांना घेऊन गटातील काहीजण आता स्वतःच ऐहोळ्याला जाणार आहेत. मुंबईहून होसपेटला जाणारी गाडी बदामीला थांबते आणि तेथून ऐहोळ्याला वाहन मिळते.