टिळक रोडचा स्पोकन इंग्लिश क्लास: 'टू' शिकायला जा, एसीच्या आशेने नको

पुण्यात टिळक रोडवरच्या एका क्लासची वीकेंड बॅच केली त्याबद्दल लिहितोय, नाव टाकत नाही कारण पुढे थोडं वाईट पण लिहायचंय.

दहावीला इंग्रजीच्या पेपरात आपण सगळ्यांनीच 'रिमूव्ह टू' (too काढून वाक्य बदला) केलंय. टू काढा, सो घाला, पुढे दॅट आणि कॅनॉट, मार्क खिशात. 'ही इज टू वीक टु वॉक'चं 'ही इज सो वीक दॅट ही कॅनॉट वॉक' झोपेत पण जमतं. पण तो कॅनॉट येतो कुठून हे शाळेत कोणी सांगितलं नाही, इथल्या सरांनी सांगितलं की नकार टूच्या पोटातच असतो. व्हेरी म्हणजे खूप, टू म्हणजे झेपेल त्याच्या पलीकडे. चहा व्हेरी हॉट असला तर फुंकून पिता येतो, टू हॉट असला की ठेवून द्यायचा. म्हणून आपण कौतुकाने 'युवर डॉटर इज टू इंटेलिजंट' म्हणतो आणि इंग्लंडचा माणूस वाट बघतो की आता तक्रार काय येणार. बॅचमधल्या एका काकूंनी लगेच विचारलं, मग मिसळ टू गुड होती हे चूक का हो? सर म्हणाले टू गुड बोलण्यात चालतं, टू टेस्टी नको. (टू स्पायसी बिनधास्त म्हणा, एक्स्ट्रा कट घेतला असेल तर तेच खरं.)

मग टू मच ट्रॅफिक, टू मेनी सिग्नल्स, आणि 'टू मच कोल्ड' अजिबात नाही, नुसतं टू कोल्ड, डिसेंबरात अर्धं पुणं हे चुकतं. उच्चार पण घोटून घेतला, 'टू वीक टु वॉक'मधला पहिला टू (too) लांब ओढायचा आणि नंतरचा टु (to) जवळजवळ गिळायचा, एकेकाला फळ्यापाशी उभं करून म्हणायला लावलं, मजा आली.

बाकी टेन्सेस ठीकठाक, प्रेपोझिशन्स तर उरकलेच, झेरॉक्स नोट्स इतक्या फिकट की बाजूच्याची वही बघावी लागते. आणि गर्दी! मागच्या बाकावर सरांचा आवाज पोचत नाही, एसी आहे पण फक्त भिंतीला लावलेला. फीडबॅक फॉर्मवर 'टू मेनी स्टुडंट्स, टू फ्यू फॅन्स' लिहून आलोय, सरांनी ग्रामरला फुल मार्क दिले, फॅन काही लागला नाही.

डेमो लेक्चर फ्री असतं, ते बसून बघा. सकाळची बॅच घ्या आणि पुढचा बाक पाहिजे तर लवकर जा, गाडी लावायलाच वेळ जातो.