पुरानंतरचा ताप: डेंग्यू की लेप्टो?

पंचगंगा ओसरली की कोल्हापूरजवळच्या चिखली-आंबेवाडीत आधी गोठे धुवायची घाई. २०१९ आणि २०२१ च्या पुरांनी ही सवयच लावली. पुढं कुणाला ताप भरला, की ‘डेंग्यूच असणार’ म्हणून सगळे मोकळे!

डेंग्यू विषाणूचा. बॅरलमधल्या साठवलेल्या पाण्यात वाढणारा एडिस डास दिवसा चावतो, ४ ते १० दिवसांत ताप येतो. डोळ्यांमागं दुखतं, सांधे ठणकतात, पुरळ उठतं. फसवी गोष्ट म्हणजे ताप उतरतानाच धोका वाढतो: पोटात तीव्र दुखणं, सततच्या उलट्या, हिरड्यांतून रक्त. यावर थेट औषध नाही.

लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस, जिवाणूचा. उंदराच्या, गुरांच्या लघवीतून तो चिखलात उतरतो आणि पायाच्या जखमेतून शिरतो. इथं पोटऱ्या हात लावू देत नाहीत, डोळे लाल होतात. बळावला तर कावीळ, लघवी कमी. यावर अँटिबायोटिक आहे, म्हणून तो ओळखायला उशीर झाला तर मला जास्त खटकतं.

नुसत्या लक्षणांवरून डॉक्टरही फसतात. तेव्हा दवाखान्यात ‘गोठ्यात अनवाणी होतो’ हे आपणहून सांगा. आणि रक्ततपासणीआधी ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन नको. डेंग्यू निघाला तर रक्तस्राव वाढतो.